छातीपासून कंबरेपर्यंत : सैनिकभरतीतील मापाच्या फितीचा इतिहास

सैन्यात दाखल होऊ इच्छिणाऱ्या तरुणाच्या देहाची परीक्षा करण्यासाठी दीर्घकाळपर्यंत तीन साधने पुरेशी मानली गेली : उंची मोजण्याचा खांब, वजनाचा काटा आणि शिंप्याजवळ असते तशी फीत. यांपैकी पहिल्या दोन साधनांचा उपयोग ठरलेला आहे. फितीचे तसे नाही. ती देहाच्या कोणत्या भागाभोवती धरावयाची हे मोजणाऱ्याने ठरवावयाचे असते आणि त्या निवडीत मोजण्याचा हेतू प्रकट होतो. एकोणिसाव्या शतकात ही फीत छातीभोवती धरली जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती कंबरेवर व मानेवर आली. पूर्वी तिने विचारावयाचा प्रश्न असा होता की, हा देह सैनिकी कष्टांना पुरेल काय? पुढे प्रश्न झाला तो असा की, या देहात चरबी किती आहे? या स्थित्यंतराचा इतिहास पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. एका समाजाच्या देहांवरून बसविलेले प्रमाण दुसऱ्या समाजास तसेच लावले असता निर्णय चुकतो, आणि ही चूक कोठे होते हे दाखविण्याच्या कामी महाराष्ट्रातील संशोधनाचा वाटा मोठा आहे.

१. भरतीचा प्रदेश आणि फितीपूर्वीची कसोटी

आजची नवी मुंबई ज्या भूमीवर उभी आहे ती जुन्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची होय. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर या गावांच्या जमिनींवर नगराची आखणी झाली. कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. पनवेल-उरणपासून महाड, दापोली आणि खाली रत्नागिरीपर्यंतची ही किनारपट्टी इंग्रजी अमदानीत सैनिक पुरविणारा प्रदेश म्हणून ख्यात होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात कोकणातील मराठा व महार शिपायांचा भरणा मोठा होता. शेती अपुरी, पाऊस अतोनात आणि घरटी एक तरी माणूस बाहेर कमावता असल्यावाचून संसार चालत नाही, अशा या मुलखात सैन्याची नोकरी हा उपजीविकेचा एक प्रमुख मार्ग होता. निवृत्त शिपायांच्या वस्तीमुळे दापोलीस निवृत्तिवेतनधारकांचे गाव असेच स्वरूप आले होते.

या मुलखातील एका मोठ्या समाजाच्या बाबतीत मात्र फीत हाती घेण्याचा प्रसंगच पुढे येईनासा झाला. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती जन्मतः लढवय्या व काही तशा नव्हेत, या मताचे ते पुरस्कर्ते होते. पलटणींची रचना जातवार करण्याचे धोरण त्यांच्या कारकीर्दीत दृढ झाले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे लढलेल्या शिपायांचे वंशज आता उंची व छाती मोजून घेण्यासदेखील पात्र राहिले नाहीत. महाडजवळील रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी १८९४ साली अनार्य दोष-परिहारक मंडळीच्या वतीने या निर्णयाविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासली तेव्हा १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभारण्यात आली. ती १९२१ साली मोडली. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना होईपर्यंत हा प्रश्न सुटला नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व असे की, देहाचे माप ही भरतीची एकमेव कसोटी कधीच नव्हती. मापाच्या आधी जातीचा रकाना भरावा लागे. तथापि मापाच्या कसोटीत एक गुण होता : ती उघड होती. अंक सर्वांस दिसत असे, आणि जो अंक दिसतो त्याविरुद्ध दाद मागता येते. 'लढवय्येपणा' कोणत्याही फितीने मोजता येत नव्हता आणि म्हणून त्याबाबत अर्ज करणाऱ्यांना आपल्या पूर्वजांच्या सेवेचे दाखले देण्यापलीकडे दुसरा उपाय उरला नव्हता.

२. छातीचे माप का घेतले गेले?

छातीचा घेर हे सैनिकाच्या योग्यतेचे गमक मानण्याची प्रथा युरोपातून आली. १८१७ साली एडिंबरो येथील एका वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे प्रसिद्ध झाली होती. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले याने त्यांतील सुमारे ५,७०० मापांचा अभ्यास १८४६ साली प्रसिद्ध केला. ही मापे सुमारे ४० इंच या सरासरीभोवती दोन्ही बाजूंस सारख्या प्रमाणात विखुरलेली आहेत असे त्यास आढळले. नभोमंडलाच्या निरीक्षणातील चुका ज्या वक्राने दर्शविल्या जातात तोच वक्र मानवी देहासही लागू पडतो, ही कल्पना संख्याशास्त्रात रुजली ती या मापांमुळे. वजनास उंचीच्या वर्गाने भागण्याची रीतही केतलेचीच. १९७२ साली अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिला देहभार-निर्देशांक हे नाव दिले आणि आज ती 'बीएमआय' या नावाने घरोघर परिचित आहे.

छाती मोजण्यामागील विचार सरळ होता. पाठीवर ओझे घेऊन दूरवर चालणाऱ्या शिपायास श्वास पुरला पाहिजे. छाती रुंद असेल व श्वास घेताना ती पुरेशी फुगत असेल तर फुप्फुसे सशक्त असावीत. म्हणूनच घेराबरोबर छातीचा फुगवटाही पाहण्याची पद्धत पडली. फ्रेंच लष्करी वैद्य पिन्ये याने विसाव्या शतकाच्या आरंभी याच विचारास सूत्राचे रूप दिले. सेंटिमीटरमधील उंचीतून किलोग्रॅममधील वजन व सेंटिमीटरमधील छातीचा घेर यांची बेरीज वजा करावयाची. उरणारा अंक जितका लहान तितका देह बळकट. अंक १० च्या आत असल्यास प्रकृती उत्तम आणि ३५ च्या पुढे गेल्यास ती निकृष्ट, असा त्याचा निवाडा होता.

स्वतंत्र भारताच्या सैन्याने छातीचे माप पुढे चालू ठेवले. भरतीसाठी देशाचे विभाग पाडण्यात आले आणि प्रत्येक विभागाची उंची निराळी ठरविण्यात आली. महाराष्ट्राचा अंतर्भाव मध्य विभागात होऊन तेथील सामान्य शिपायासाठी किमान उंची १६८ सेंटिमीटर ठरली. गोव्याचा समावेश दक्षिण विभागात असल्यामुळे तेथे ती १६६ सेंटिमीटर आहे. परिणामी सावंतवाडीकडून बांद्याची सीमा ओलांडली की पात्रतेची रेषा दोन सेंटिमीटर खाली येते. छातीचा घेर मात्र सर्वत्र ७७ सेंटिमीटर आणि फुगवटा ५ सेंटिमीटर. अग्निपथ योजना २०२२ साली आली. तीपूर्वीच्या जाहिरातींत मध्य विभागासाठी किमान वजन ५० किलोग्रॅम दिलेले असे. महाराष्ट्र पोलीस दलाने पुरुष शिपायासाठी १६५ सेंटिमीटर उंची आणि ७९ सेंटिमीटर छाती, अधिक ५ सेंटिमीटर फुगवटा, असे प्रमाण ठेवले. नवी मुंबईच्या पोलीस भरतीत उतरणारा पनवेल-उरणचा उमेदवार याच फितीखालून जातो. उंची वाढविणे कोणाच्या हाती नसते; छाती मात्र व्यायामाने काही अंशी वाढविता येते. त्यामुळे दंड-बैठका आणि दीर्घश्वसन यांवर उमेदवारांचा भर असतो.

आता या किमान मापांना वरील युरोपीय सूत्रे लावून पाहणे उद्बोधक ठरेल. १६८ सेंटिमीटर उंची, ५० किलोग्रॅम वजन व ७७ सेंटिमीटर छाती असलेल्या उमेदवाराचा पिन्येच्या सूत्रानुसार अंक ४१ येतो. म्हणजे फ्रेंच वैद्याने त्यास निकृष्ट प्रकृतीचा ठरविले असते. त्याचा देहभार-निर्देशांक १७.७ येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेची कमी वजनाची सीमा १८.५ आहे. अर्थात किमान मर्यादेची सरासरीशी थेट तुलना करता येत नाही आणि बहुतेक उमेदवार या मर्यादेच्या वरच असतात. तरीही भारतीय सैन्याने आपल्या उंबरठ्याची पातळी भारतीय तरुणांचे देह पाहून ठरविली होती, ही गोष्ट या अंकांवरून स्पष्ट होते. ती युरोपीय कोष्टकावरून ठरविली असती तर कष्टाळू व काटक अशी कित्येक मुले बाहेरच राहिली असती.

३. फीत कंबरेवर येते

चरबीच्या मोजमापाचा प्रश्न निर्माण झाला तो निराळ्या परिस्थितीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी अमेरिकेच्या नौदलात अल्बर्ट बेन्के नावाचे वैद्य होते. १९४२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंची परीक्षा केली. उंची-वजनाच्या प्रचलित कोष्टकानुसार त्यांपैकी १७ जण अतिस्थूल व म्हणून सैनिकी सेवेस अपात्र ठरत होते. बेन्के यांनी या खेळाडूंचे वजन हवेत व पाण्याखाली असे दोनदा घेतले. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार या दोन वजनांवरून देहाची घनता काढता येते. चरबी पाण्याहून हलकी व स्नायू पाण्याहून जड असल्यामुळे घनता अधिक आली तर चरबी कमी, असा निष्कर्ष निघतो. कोष्टकाने स्थूल ठरविलेल्या या खेळाडूंच्या देहांची घनता अधिक भरली. त्यांचे वजन स्नायूंचे होते. वजनाचा काटा चरबी व स्नायू यांत भेद करू शकत नाही, हे यावरून सिद्ध झाले.

घनतेवरून चरबीचे शेकडा प्रमाण काढण्याचे सूत्र विल्यम सिरी यांनी दिले, ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. ४९५ या संख्येस घनतेने भागून ४५० वजा केले की चरबीचे प्रमाण मिळते. चरबीची घनता सुमारे ०.९ आणि उर्वरित देहाची १.१ असते, हे या सूत्रातील गृहीत होय. तथापि प्रत्येक सैनिकास पाण्यात बुडवून तोलणे कोणत्याही सैन्यास शक्य नव्हते. त्वचेची घडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजण्याची पद्धत ग्लासगो येथील डर्निन व वॉमर्स्ली यांनी १९७४ साली कोष्टकबद्ध केली होती; पण तिच्यासाठी सरावलेला हात लागतो. जहाजावर किंवा छावणीत कोणासही वापरता येईल असे साधन हवे होते आणि ते साधन फीतच होती.

१९८१ साली अमेरिकी संरक्षण खात्याने सर्व दलांना देहातील चरबीचे प्रमाण ठरविण्याचा आदेश दिला. त्यास अनुसरून सॅन दिएगो येथील नौदलाच्या आरोग्य संशोधन केंद्रात हॉजडन व बेकेट यांनी ६०२ पुरुष व २१४ स्त्रिया यांची मापे घेतली आणि १९८४ साली आपली समीकरणे प्रसिद्ध केली. पुरुषाच्या बाबतीत फीत दोन ठिकाणी धरावयाची : गळ्याच्या घाटीखाली मानेभोवती व बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती. पोटाच्या घेरातून मानेचा घेर वजा करावयाचा. मान ही स्नायूंच्या एकंदर भराची खूण मानलेली आहे. ज्याची मान जाड त्याचे वजन हाडामांसाचे असण्याचा संभव अधिक. स्त्रियांच्या बाबतीत कंबर व नितंब यांच्या घेरांच्या बेरजेतून मान वजा केली जाते. या फरकाचा व उंचीचा लॉगरिथम घेऊन घनता आणि घनतेवरून सिरी यांच्या सूत्राने चरबीचे प्रमाण काढतात.

उदाहरणादाखल १६८ सेंटिमीटर उंचीचा, ३६ सेंटिमीटर मानेचा व ८० सेंटिमीटर पोटाचा एक पुरुष घेऊ. समीकरणानुसार त्याच्या देहात चरबीचे प्रमाण शेकडा १५.७ येते. पोट ९० सेंटिमीटर असल्यास ते २३.३ वर जाते. पोटाच्या मापात केवळ एका सेंटिमीटरचा फरक पडला तर उत्तर सुमारे ०.८ ने बदलते. याखेरीज समीकरणाच्या अंदाजातच सुमारे साडेतीन टक्क्यांची प्रमाणित त्रुटी आहे. श्वास रोखून पोट आत ओढणे, फीत तिरकी धरणे किंवा ती आवळणे यांमुळे होणारी चूक त्यात मिळवावी लागते. समूहाची सरासरी काढण्यास ही रीत उपयुक्त आहे. एका सैनिकाची बढती वा नोकरी एखाद्या टक्क्यावर अवलंबून ठेवण्याइतकी ती सूक्ष्म नाही. २०२३ साली अमेरिकेच्या भूदलाने मानेचे माप सोडून देऊन केवळ पोटाचा घेर व वजन यांवर आधारलेली रीत स्वीकारली.

४. पुण्यातील संशोधन

सिरी यांचे गृहीत, सॅन दिएगोची मापे, ग्लासगोची कोष्टके ही सर्व पाश्चात्त्य देहांवरून निघालेली आहेत. ती महाराष्ट्रातील माणसास लागू पडतात काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील मापांवरूनच मिळू शकते. अशा मापांची परंपरा येथे पूर्वीपासून आहे. इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्राच्या मानवमितीवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५१ साली प्रसिद्ध केला. त्यांचा हेतू महाराष्ट्रातील जातींचे परस्परसंबंध तपासण्याचा होता. देहातील चरबीचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. परंतु येथील माणसांचे निष्कर्ष येथील माणसे मोजूनच काढावेत, ही शिस्त त्यांच्या कामात दिसते.

चरबीचा प्रश्न हाती घेतला तो पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गर्भवती स्त्रिया व त्यांची अपत्ये यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांशी करणारा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. पुण्याकडील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलोग्रॅम भरले. ही मुले सर्वच मापांनी लहान होती. पण सर्व मापे सारख्या प्रमाणात लहान नव्हती. पोट व स्नायू यांची वाढ फारच खुंटलेली होती आणि खांद्यामागील त्वचेखालची चरबी मात्र त्यामानाने टिकून होती. दिसण्यात कृश आणि घडणीत मेदयुक्त, अशी ही देहरचना जन्मापासूनच असते असे त्यांनी दाखविले.

२००४ साली याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभार-निर्देशांक २२.३, म्हणजे प्रचलित कोष्टकानुसार अगदी निर्दोष. क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजले असता युडकिन यांच्या देहात शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या देहात शेकडा २१.२ चरबी आढळली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञमंडळाने आशियाई लोकांसाठी २३ व २७.५ हे निर्देशांकाचे अधिक खालचे टप्पे सुचविले. दक्षिण आशियाई पुरुषांच्या कंबरेची सीमा ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर हीही याच सुमारास मान्यता पावली. युरोपीय पुरुषांसाठी ती ९४ सेंटिमीटर आहे.

सैनिकी मापांच्या दृष्टीने या संशोधनाचा अर्थ दुहेरी आहे. भरतीच्या वेळी ५०-५५ किलोग्रॅम वजनाचा असलेला तरुण दहा-पंधरा वर्षांच्या नोकरीत ६५ किलोग्रॅमचा झाला, तर काट्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. परंतु वाढलेले वजन पोटावर साठले असल्यास मधुमेहाचा धोका त्या वजनावरून दिसतो त्याहून बराच अधिक असतो. उलट लहानपणापासून तालमीत घुमलेल्या कोल्हापूरकडील मल्लाचे वजन कोष्टकाबाहेर जाते आणि त्याच्या देहात चरबी मात्र थोडी असते. काट्यावर विसंबल्यास पहिला निर्दोष आणि दुसरा सदोष ठरतो.

भारतीय सैन्यदलांच्या अधिकारी-निवडीच्या वैद्यकीय नियमांत या दुसऱ्या अडचणीची दखल घेतलेली आढळते. शरीरसौष्ठव, कुस्ती वा मुष्टियुद्ध यांमुळे ज्याचे वजन मर्यादेबाहेर गेले आहे आणि तसा पुरावा उपलब्ध आहे, अशा उमेदवारास अपवाद म्हणून घेण्याची तरतूद त्यांत करण्यात आली. त्यासाठी देहभार-निर्देशांक २५ च्या आत, कंबर-नितंब गुणोत्तर पुरुषांत ०.९ व स्त्रियांत ०.८ च्या आत, कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत आणि रक्ताच्या तपासण्या निर्दोष, अशा अटी घातल्या गेल्या. बेन्के यांच्या फुटबॉलपटूंवर १९४२ साली कोष्टकाने जो अन्याय केला होता, त्याचे परिमार्जन येथे मल्लाच्या बाबतीत फितीने होते. आणि त्यासाठी वापरलेली ९० व ८० सेंटिमीटरची सीमा दक्षिण आशियाई देहांसाठी ठरविलेलीच आहे. मात्र निर्देशांक २५ च्या आत असावा ही अट त्या नियमात राहिल्यामुळे खऱ्या भारदस्त मल्लास तिचा लाभ होणे कठीणच होते.

५. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, फितीचे माप उघड असल्यामुळे ते जन्मावर आधारलेल्या कसोटीपेक्षा न्याय्य असते. वलंगकरांच्या काळचा अनुभव याचीच साक्ष देतो. दुसरी अशी की, छातीचे माप व कंबरेचे माप ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नव्हेत. अन्नाची वाण असलेल्या मुलखात देह पुरेसा आहे की नाही हे छाती सांगते, आणि अन्न पोटभर मिळू लागल्यावर त्याच देहात काय साठले हे कंबर सांगते. कोकणातील व घाटावरील तरुणाच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न एकाच आयुष्यात, पंधरा-वीस वर्षांच्या अंतराने उपस्थित होतात. म्हणून भरतीच्या दिवशीचे माप हे पुढील आरोग्याची हमी ठरू शकत नाही.

तिसरी गोष्ट समीकरणांविषयीची आहे. अमेरिकी नौदलाचे समीकरण फीत हाती असलेल्या कोणासही वापरता येते, आणि व्यायामशाळांतून ते आपल्याकडेही वापरले जाऊ लागले आहे. परंतु त्यातील प्रत्येक अंक सॅन दिएगो येथे मोजलेल्या आठशेवर माणसांच्या देहांतून आलेला आहे. मानेचा जाडपणा व स्नायूंचा भर, पोटाचा घेर व आतील चरबी यांचे जे नाते तेथे आढळले तेच येथे असेल असे गृहीत धरता येत नाही. पुण्यातील अर्भकांनी व २२.३ या एकाच निर्देशांकाच्या दोन संशोधकांनी शंकेस सबळ कारण दिले आहे. भरतीची उंची व छाती ठरविताना भारतीय सैन्याने भारतीय देह पाहिले. चरबीचे समीकरणही येथील शिपायांना, पोलिसांना आणि स्त्री-उमेदवारांना प्रत्यक्ष मोजून बसविले पाहिजे. तोपर्यंत फितीवरून काढलेला टक्का हा अंदाज म्हणून स्वीकारावा. त्यावरून कोणाच्या नोकरीचा निकाल लावू नये.